पुस्तक छापलं, पण ते सापडणार कसं? पुण्या-मुंबईबाहेरच्या लेखकांपुढचं डिजिटल कोडं

हिंगोली, गडहिंग्लज किंवा सावंतवाडीत राहणाऱ्या लेखकाला आज पुस्तक काढायचं असेल, तर त्यासाठी पुण्याला चकरा मारायची गरज उरलेली नाही. मजकूर मोबाइलवर टाईप होतो, आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारच्या पोर्टलवरून मोफत मिळतो, डिजिटल प्रेसवर अगदी शंभर प्रतीसुद्धा छापून मिळतात आणि ई-बुक एका संध्याकाळी किंडलसाठी अपलोड करता येतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे सगळं एवढं सोपं नव्हतं.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पहिल्या महिन्यात मित्र, नातेवाईक, शाळा-कॉलेजातले सहकारी मिळून पन्नास-साठ प्रती घेतात. मग विक्री थांबते. उरलेले गठ्ठे घरात पलंगाखाली जातात. पुस्तक चांगलं की वाईट हा प्रश्न इथे येतच नाही, कारण ते अनोळखी वाचकापर्यंत पोहोचलेलंच नसतं.

म्हणजे पुस्तक तयार करण्याचं तंत्रज्ञान तालुक्यापर्यंत आलं, पण पुस्तक सापडण्याचं तंत्रज्ञान अजून मोठ्या शहरांसाठी आणि मोठ्या भाषांसाठीच चालतं. असं का होतं, यातलं लेखकाच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे एकेक करून पाहूया.

आधी बाजाराचा नकाशा

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक साधारण ८ कोटी ३० लाख आहेत. तरीही नव्या लेखकाची पहिली आवृत्ती बहुतेक वेळा हजार प्रतींच्या आतच असते. वाचक नाहीत असं म्हणून हा विषय संपवता येत नाही, कारण जे वाचक आहेत ते महाराष्ट्रभर पसरलेले आहेत आणि पुस्तकांची यंत्रणा मात्र एकवटलेली आहे. मोठे प्रकाशक, वितरक, अप्पा बळवंत चौकातली दुकानं, परीक्षणं लिहिणारी माणसं, प्रकाशन समारंभ हे सगळं प्रामुख्याने पुण्यात आणि काही प्रमाणात मुंबईत आहे. २०२३ पासून फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सवही तिथलाच.

साहित्य संमेलन मात्र फिरतं. २०२२ ला उदगीर, २०२३ ला वर्धा, २०२४ ला अमळनेर, २०२५ ला थेट दिल्ली. तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, गर्दी होते. पण मांडव उतरला की दुकानही उठतं.

वर्तमानपत्रांचं गणितही वेगळंच आहे. परभणीतल्या लेखकाच्या पुस्तकाची बातमी मराठवाड्याच्या आवृत्तीत येते, तीही बऱ्याचदा जिल्ह्याच्या पानावर. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या वाचकाला ती दिसतच नाही. पुण्यातल्या कार्यक्रमाचा वृत्तांत मात्र राज्यभरच्या पुरवणीत जाऊ शकतो.

मग बाहेरचा लेखक राज्यभर माहीत होतो तरी कसा? गेल्या काही वर्षांत याचं एक उत्तर दिसतं ते म्हणजे पुरस्कार. जत तालुक्यातले नवनाथ गोरे यांना 'फेसाटी' या कादंबरीसाठी २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तुळजापूरचे देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या शिंप्याच्या आयुष्यावरच्या कादंबरीला तोच पुरस्कार २०२४ मध्ये मिळाला. त्यानंतर अनेक वाचकांनी ही नावं पहिल्यांदा ऐकली. पण हा पुरस्कार एका भाषेत वर्षाला एकाच लेखकाला मिळतो. बाकीच्यांनी काय करायचं? त्यांनी इंटरनेटवर भरवसा ठेवला. आणि तिथेच पहिली ठेच लागते.

अडचण पहिली: कॉम्प्युटरला तुमचं पुस्तक वाचताच येत नाही

मराठी पुस्तकांचं डीटीपी वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये झालं आहे. आजही अनेक ठिकाणी तसंच होतं. या फॉन्टमध्ये स्क्रीनवर आपल्याला 'क' दिसतो, पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षराचा किंवा एखाद्या चिन्हाचा कोड असतो. फॉन्ट काढून टाकला की उरतो तो नुसता गोंधळ. युनिकोडमध्ये असं होत नाही. तिथे 'क' ला स्वतःचा कोड आहे आणि तो जगातल्या प्रत्येक फोनवर 'क'च राहतो.

याचा प्रचाराशी काय संबंध? खूप जवळचा. जुन्या फॉन्टमधल्या फाइलचं सरळ ई-बुक होत नाही. तिच्यातला उतारा कॉपी करून फेसबुकवर टाकता येत नाही. गूगलला तो मजकूर शोधता येत नाही, स्क्रीन रीडर तो वाचून दाखवू शकत नाही. म्हणजे तीनशे पानांचं पुस्तक इंटरनेटच्या दृष्टीने कोरं असतं. हजारो वाक्यांपैकी एकही वाक्य सर्चमध्ये सापडण्यासारखं राहत नाही.

दुसरा घोळ शीर्षकाच्या स्पेलिंगचा. बऱ्याच ऑनलाइन दुकानांत मराठी पुस्तकाचं नाव रोमन अक्षरांत चढवलेलं असतं. समजा, पुस्तकाचं नाव 'माळझाड' आहे. आता 'मा' साठी एक 'ए' लिहायचा की दोन? 'झ' साठी 'झेड' की 'जे-एच'? 'ळ' ला तर रोमनमध्ये वेगळं अक्षरच नाही, तो 'एल'च होतो. विक्रेत्याने एक स्पेलिंग लिहिलं आणि वाचकाने दुसरं टाईप केलं, की दुकान भलतीच पुस्तकं दाखवतं. लेखकाच्या नावाचंही तेच. एकाच लेखकाची तीन पुस्तकं तीन स्पेलिंगने चढली असतील, तर कॉम्प्युटरला ते तीन वेगळे लेखक वाटतात आणि 'या लेखकाची आणखी पुस्तकं' या रकान्यात काहीच येत नाही.

अॅमेझॉनने २०२१ मध्ये भारतातल्या साइटवर मराठीतून खरेदीची सोय आणली. त्याआधी २०२० मध्ये मराठीच्या मागणीवरून झालेलं मनसेचं आंदोलन अनेकांना आठवत असेल. पण बटणं मराठीत आली म्हणजे पुस्तकाची माहितीही आपोआप मराठीत नीट भरली जाते असं नाही. ती कुणीतरी बसून भरावी लागते. मोठ्या प्रकाशकाकडे त्यासाठी माणूस असू शकतो. स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाला मात्र हे काम आपलं आहे हेच बऱ्याचदा कुणी सांगितलेलं नसतं.

अडचण दुसरी: दिसण्यासाठी आधी विकलं गेलं पाहिजे

ऑनलाइन दुकान पुस्तक वाचून शिफारस करत नाही. कुणी काय पाहिलं, काय घेतलं, कशाबरोबर काय घेतलं, यावरून ते अंदाज बांधतं. ज्या पुस्तकाची विक्रीच नाही, त्याबद्दल अंदाज बांधायला काही माहिती नसते. म्हणून ते कुणालाच दाखवलं जात नाही, आणि दाखवलं जात नाही म्हणून विकलं जात नाही. तंत्रज्ञानाच्या भाषेत याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. थंडीत सुरू न होणाऱ्या स्कूटरसारखं आहे हे, पहिली किक कुणीतरी मारायलाच हवी.

मोठ्या प्रकाशकाचं पुस्तक आलं की पहिल्याच आठवड्यात अनेक ठिकाणांहून खरेदी होते. अॅमेझॉनच्या बेस्टसेलर क्रमवारीत अलीकडच्या विक्रीला जास्त वजन असतं. त्यामुळे एका आठवड्यात गेलेल्या चाळीस प्रती आणि सहा महिन्यांत रडतखडत गेलेल्या चाळीस प्रती यांचा परिणाम सारखा नसतो. बाहेरच्या लेखकाची विक्री मात्र बहुतेक दुसऱ्या प्रकारची असते. शिवाय ती रोखीत, सभागृहाच्या दारात किंवा शाळेच्या स्टाफरूममध्ये होते. त्या वाचकाने पुस्तक डोक्यावर घेतलं तरी ऑनलाइन दुकानाला त्याचा पत्ता नसतो.

मग त्या वाचकांना निदान रिव्ह्यू लिहायला सांगावं? इथेही नियम आडवे येतात. अॅमेझॉनवर नातेवाईक आणि जवळच्या मित्रांनी लिहिलेले रिव्ह्यू चालत नाहीत आणि काढून टाकले जाऊ शकतात. रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या खात्यावर ठरावीक रकमेची खरेदीही झालेली असावी लागते. खोटे रिव्ह्यू थांबवण्यासाठी नियम योग्यच आहेत. पण गावातल्या लेखकाचे पहिले शंभर वाचक हे ओळखीचेच असतात आणि त्यांतले बरेच जण ऑनलाइन खरेदी करत नाहीत. नियम सगळ्यांना सारखाच, पण जड जातो तो यांनाच.

अडचण तिसरी: सोयी आधी मोठ्या बाजारांना

पुस्तकांचा प्रचार कसा करावा याचे इंटरनेटवरचे सल्ले मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमधल्या लेखकांसाठी लिहिलेले आहेत. ते इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. काही उदाहरणं बघा.

किंडलवर स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याच्या सेवेला केडीपी म्हणतात. मराठी ई-बुकं किंडलवर २०१६ च्या अखेरीस आली. केडीपीत ई-बुकवर ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टीचे पर्याय आहेत. अमेरिकेतल्या विक्रीवर किंमत ठरलेल्या पट्ट्यात ठेवली की ७० टक्क्यांचा पर्याय निवडता येतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट'मध्ये टाकावं लागतं. म्हणजे ते ई-बुक किमान ९० दिवस दुसरीकडे कुठेही विकायचं नाही. ना बुकगंगावर, ना गूगल प्लेवर, ना स्वतःच्या वेबसाइटवर. मराठी वाचक आधीच वेगवेगळ्या अॅपवर विखुरलेला असताना ही अट महागात पडते.

केडीपीत मागणीनुसार छापील प्रत काढून देण्याचीही सोय आहे. पण ती अॅमेझॉनच्या भारतातल्या दुकानासाठी नाही. इथल्या लेखकाला त्यासाठी वेगळी कंपनी शोधावी लागते.

आता सोशल मीडिया. गेल्या पाच-सहा वर्षांत इंग्रजी पुस्तकांच्या जगात सगळ्यात मोठा बदल टिकटॉकमुळे झाला. कॉलीन हूव्हर यांची 'इट एंड्स विथ अस' ही कादंबरी २०१६ ची, पण तिची लोकप्रियता नव्याने उसळली ती २०२१ मध्ये, वाचकांनी टिकटॉकवर केलेल्या व्हिडिओंमुळे. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली. छोट्या गावांतल्या लोकांनी जिथे सर्वात जास्त हात-पाय पसरले होते, तेच अॅप गेलं. रील्स आणि शॉर्ट्स आले, पण मराठी पुस्तकांभोवती तेवढा मोठा वाचकांचा गोतावळा तिथे अजून तयार झालेला नाही.

गुडरीड्सवर पुस्तकं मोफत वाटून चर्चा घडवण्याची 'गिव्हअवे' योजना आहे. तिच्यात भाग घेता येतो तो अमेरिका आणि कॅनडातल्या वाचकांना. नोव्हेंबर २०२५ मध्ये अॅमेझॉनने लेखकांसाठी एआय भाषांतराची सोय जाहीर केली, तिची सुरुवात इंग्रजी, स्पॅनिश आणि जर्मनपासून झाली. नवी सोय येते तेव्हा मराठीचा नंबर असा मागेच असतो.

शिवाय एकाच कंपनीवर विसंबून राहण्यातही धोका आहे. अॅमेझॉनच्या मालकीची 'वेस्टलँड' ही भारतीय प्रकाशनसंस्था फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा नामवंत लेखकांच्या पुस्तकांचंही पुढे काय होणार हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. तिची माणसं नंतर दुसऱ्या कंपनीच्या मदतीने पुन्हा उभी राहिली. पण एखादं दुकान बंद झालं की तिथले तुमचे रिव्ह्यू, क्रमवारी आणि वाचक बरोबर नेता येत नाहीत.

अडचण चौथी: शेवटचा टप्पा पोस्टाचा

समजा, हे सगळं पार करून चंद्रपूरच्या वाचकाने सावंतवाडीच्या लेखकाचं पुस्तक मागवलं. आता ते पाठवायचं कसं? अनेक वर्षं याचं स्वस्त उत्तर होतं रजिस्टर्ड बुक पोस्ट. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने ही सेवा बंद केली. देशभरातल्या प्रकाशकांनी नाराजी व्यक्त केली. त्यानंतर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे दर जाहीर झाले, कर वेगळा. पार्सल ट्रॅकही करता येतं. मात्र ही सेवा शैक्षणिक पुस्तकं आणि सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक साहित्यासाठी आहे. नियतकालिकं आणि निव्वळ व्यावसायिक प्रकाशनं यात बसत नाहीत, पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव लागतं.

हा तपशील छोटा वाटेल, पण नफा-तोटा इथेच ठरतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ. पुस्तक २०० रुपयांचं, छपाईखर्च प्रतीमागे १०० रुपये. वितरक आणि दुकानदाराची मिळून ४० टक्के सूट धरली तर लेखकाकडे येतात १२०, त्यातून छपाई वजा जाता उरले २० रुपये. तेच पुस्तक थेट वाचकाला पाठवलं आणि पोस्टाचे पंचवीसेक रुपये लेखकाने सोसले, तरी ७५ रुपये उरतात. पोस्टेज दुप्पट-तिप्पट झालं की हा फायदा विरघळतो.

परदेशातल्या मराठी वाचकाचं तर विचारूच नका. २०२४ मध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं. तिकडे वाचक आहेत, ऐपत आहे, आपुलकी आहे. पण एका पुस्तकाचा टपालखर्च पुस्तकाच्या किमतीहून जास्त होतो. त्यात ऑगस्ट २०२५ च्या शेवटी अमेरिकेच्या सीमाशुल्काच्या नव्या नियमांमुळे भारतीय टपाल खात्याला तिकडची पार्सलं थांबवावी लागली, ती ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झाली. या वाचकांसाठी ई-बुक हाच सरळ मार्ग आहे. आणि ई-बुक करायचं तर फाइल युनिकोडमध्ये हवी. म्हणजे फिरून आपण पहिल्या अडचणीपाशीच आलो.

लेखकाच्या हातात काय आहे?

यातलं बरंच काही लेखकाला बदलता येणार नाही. पण पुढच्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

१. युनिकोड फाइल मागून घ्या. छपाईच्या करारातच लिहून घ्या की पुस्तकाची अंतिम, मुद्रितशोधन झालेली युनिकोड फाइल लेखकाला मिळेल. नुसती पीडीएफ पुरत नाही. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं असेल तर जोडाक्षरं आणि रफार नीट तपासा, चुका तिथेच राहतात.

२. एकच नाव, एकच स्पेलिंग. शीर्षक आणि लेखकाचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. आयएसबीएनच्या अर्जात, मुखपृष्ठावर, ऑनलाइन दुकानात, फेसबुकवर, सगळीकडे. वर्णनात दोन्ही लिप्यांतली नावं येऊ द्या.

३. वर्णन माणसासारखं लिहा. 'वास्तवाचं विदारक चित्रण करणारी कादंबरी' असं कुणी सर्च करत नाही. 'ऊसतोड कामगारांवर मराठी कादंबरी', 'कोकणातल्या भुताच्या गोष्टी' असं लोक शोधतात. विषय, प्रदेश, व्यवसाय यांची नावं सरळ लिहा. इथे बाहेरचा असणं कामाला येतं, कारण तुमच्या गावावर किंवा धंद्यावर पुस्तकं कमी असतात आणि शोधणाऱ्याला तुमचंच सापडू शकतं.

४. थेट विक्रीची सोय ठेवा. एक साधा गूगल फॉर्म, यूपीआयचा क्यूआर कोड आणि ज्ञान पोस्ट, एवढ्यावर दुकान उभं राहतं. पार्सल ३०० ग्रॅमच्या आत बसेल असं हलकं पॅकिंग करा. ज्यांनी पुस्तक घेतलं त्यांचे नंबर त्यांच्या परवानगीने जपून ठेवा. पुढच्या पुस्तकाची पहिली किक हीच यादी मारणार आहे.

५. व्हॉट्सअॅपची मर्यादा ओळखा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज जातो. फॉरवर्डवरही बंधनं आहेत. म्हणून 'जास्तीत जास्त पुढे पाठवा' यापेक्षा, पार्सलमध्ये 'हा नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी टाकणं जास्त उपयोगाचं. पूर्ण पीडीएफ मात्र कुणालाही पाठवू नका. एक प्रकरण द्या, तेही शेवटी खरेदीच्या लिंकसह.

६. खरेदी एका आठवड्यात गोळा करा. ऑनलाइन दुकानात पुस्तक चढवल्यावर लगेच गाजावाजा नको. आधी माहिती नीट भरली आहे का ते बघा, मग प्रकाशनाचा आठवडा ठरवा आणि सगळ्यांना त्याच आठवड्यात मागवायला सांगा.

७. ग्रंथालयांना विसरू नका. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. अनोळखी वाचक नव्या लेखकाचं पुस्तक विकत घेण्याआधी उचलून बघतो ते इथेच. शेजारच्या तीन जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांना पत्र आणि पुस्तकाचं एक पान पाठवणं, हे फेसबुकच्या जाहिरातीइतकंच कामाचं ठरू शकतं.

आणि जे लेखकाच्या हातात नाही?

वरची सात कामं करूनही एक गोष्ट राहतेच. आज मराठीत प्रसिद्ध होणाऱ्या सगळ्या पुस्तकांची, देवनागरीत शोधता येईल अशी, सर्वांना खुली आणि रोज ताजी होणारी एक यादी हवी आहे. प्रत्येक दुकान, प्रत्येक ग्रंथालय आणि प्रत्येक अॅप त्याच यादीतून शीर्षक, लेखक, विषय, किंमत उचलेल. आयएसबीएन देताना ही माहिती लेखक-प्रकाशकांकडून घेतली जातेच. म्हणजे कच्चा माल आहे, तो एकत्र करून देवनागरीत खुला करायचं काम बाकी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने होणाऱ्या खर्चातून एखादं संमेलन कमी भव्य झालं तरी चालेल, पण हे काम व्हायला हवं. हे एकट्या लेखकाचं काम नाही, आणि बाजार ते आपणहून करणार नाही, कारण त्यात कुणा एका कंपनीचा फायदा नाही.

पुण्या-मुंबईतल्या लेखकांना हे त्रास नाहीतच, असं अजिबात नाही. युनिकोडचा आणि स्पेलिंगचा घोळ त्यांनाही आहे. पण त्यांचं पुस्तक ऑनलाइन सापडलं नाही तरी दुकानाच्या टेबलावर दिसतं, कार्यक्रमात हातात पडतं, कुणीतरी परीक्षण लिहितं. बाहेरच्या लेखकाकडे दुसरा रस्ता नसतो. आणि अशा लेखकाचं पुस्तक सापडलं नाही, तर नुकसान फक्त त्याचं होत नाही. ऊसतोडीवर, विडी कारखान्यावर, धरणग्रस्त गावावर ज्याने आतून लिहिलंय, ते त्याच्याच शेजारच्या जिल्ह्यात कुणी वाचत नाही.

तेव्हा आज एक छोटी चाचणी करून बघा. तुम्ही लेखक असाल तर स्वतःच्या पुस्तकाचं नाव, आणि वाचक असाल तर तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या लेखकाचं नाव, फोनवर देवनागरीत टाईप करून शोधा. पहिल्या पानावर काय येतं ते बघा. काहीच आलं नाही, तर कामाला कुठून सुरुवात करायची ते कळलं.